तीन नंबरचं आवतण

माणूस मेला तर चार खांदेकरी पुरतात. सरकारी इंजिन मारायचं तर अकरा कागद लागतात, आणि अकराही कागदांवर कुणाची ना कुणाची सही लागते. हे तुलारामला तीस वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं, यंदाच्या पौषात कळलं.

आंधळगावच्या पुढे महामंडळाची एक साइडिंग आहे. खाणीतला माल वॅगनींत भरायचा आणि त्या वॅगनी ढकलत ढकलत मोठ्या रुळापर्यंत नेऊन ठेवायच्या, एवढंच तिचं काम. त्यासाठी तिथं डिझेलवर चालणारं एक बुटकं इंजिन होतं. एक नंबर आणि दोन नंबर केव्हाच भंगारात गेले होते, म्हणून उरलेल्याला सगळे अजून तीन नंबरच म्हणत. तुलाराम त्या शेडचा मोठा फिटर. साहेब लोक येत-जात राहिले, शेड मात्र त्याच्याच नावानं ओळखली जायची.

दिवाळीनंतर बॅटरीवर चालणारं नवं इंजिन आलं. धूर कमी करायच्या कुठल्याशा योजनेतून आलं होतं, आणि योजनेनं सोबत अटींचं बाड पाठवलं होतं. ते वाचून दाखवायला योगेंद्र साहेब शेडमध्ये आले. साहेब पस्तिशीचे, कामाला बरे, पण तारखांचा त्यांना फार धसका.

"जुनं इंजिन कुणाला विकायचं नाही, तुलारामजी," ते म्हणाले. "म्हणजे चालवण्यासाठी विकायचं नाही. दुसऱ्या खात्याला द्यायचं नाही. एखाद्या कॉलेजच्या दारात शोभेला ठेवायचं म्हटलं तरी आधी निकामी करूनच द्यायचं. इंजिनच्या ब्लॉकला तीन इंची आरपार भोक पाडायचं, मग सांगाडा मधोमध कापायचा. भोकाचा फोटो नंबरपाटीसकट. नव्वद दिवसांच्या आत."

"चांगलं चालू इंजिन हाय, साहेब," खुशाल म्हणाला. खुशाल शेडमधला दुसरा फिटर. "पान्याच्या मोटरीले तरी कामी आलं असतं."

"तेच तर नको आहे त्यांना. इथं धूर बंद केला आणि तो पलीकडच्या कोंढ्या गावात जाऊन निघाला, तर उपयोग काय झाला?"

यात खोटं काही नव्हतं. नियम करणारे नेहमीच मूर्ख असतात असं नाही. पण शेडमधल्या माणसांना बरं वाटलं नाही हेही खरं. ही सगळी माणसं धानपट्ट्यातली. घरी बैल असणारी, नाहीतर काल-परवापर्यंत बैल असणारी. म्हाताऱ्या बैलाला कसायाच्या दावणीला देऊ नये हे ज्याच्या रक्तात आहे, त्याच्या हातात ड्रिल देऊन चालत्या इंजिनाच्या छातीला भोक पाड म्हणायचं, म्हणजे जरा जडच जाणार.

साहेबांनी मग सातव्या नंबरचा कागद तुलारामपुढे धरला. "यावर शेडप्रमुख म्हणून तुमची सही. 'या यंत्राबाबत कोणताही दावा, वाद वा चौकशी प्रलंबित नाही.' बस."

तुलारामनं चष्मा पुसला. कागद वाचला. पुन्हा पुसला. "उद्या करतो," तो म्हणाला.

शेडमध्ये पाणी भरणारी कलाबाई तिथंच माठाजवळ उभी होती. तिनं तीन नंबरकडे पाहिलं नाही. ती कधीच पाहायची नाही. "मारून टाकता म्हनते का त्याले?" तिनं विचारलं. "बरं करता, तुलारामभाऊ. लवकर करा."

कलाबाई म्हणजे श्रावणची बायको. श्रावण वॅगनींच्या साखळ्या जोडायचा. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी सकाळी तो वॅगन आणि तीन नंबर यांच्या मध्ये सापडला. तिची ही नोकरी त्याच्या जागेवरची.

---

उद्या उजाडायच्या आत संध्याकाळीच गोपीचंद तुलारामच्या घरी आला. बातमीला पाय असतात. करडीपर्यंत पोचायला तिला एक दुपार पुरली.

गोपीचंद तीन नंबरचा ड्रायव्हर होता. होता म्हणायचं, कारण श्रावण गेल्यावर चौकशी बसली आणि चौकशीनं ठरवलं की ड्रायव्हरनं इंजिन वेगात आणलं, ब्रेक उशिरा दाबला. त्याला बडतर्फ केलं. आता तो करडीच्या राइस मिलवर पोती उचलायचा. बावीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला गावात कुणी ट्रॅक्टरसुद्धा चालवायला देत नव्हतं. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण त्याला येताना पाहून बाया पोरांना रस्त्यावरून अलीकडे ओढायच्या. हे त्यानं एकदाच तुलारामला सांगितलं होतं, पुन्हा कधी काढलं नाही.

त्या संध्याकाळी तो ओसरीवर बसला. अंगावर मिलचा कोंडा, भुवयांवरही कोंडा. तुलारामच्या बायकोनं, गोदावरीबाईनं, दिलेलं पाणी त्यानं हातात धरून ठेवलं.

"तू सही केली का?"

"नाई अजून."

"नोको करू, तुलाराम. माहं अपील हाय नागपूरले. तीन वरसापासून पडून हाय. मी सांगून राहिलो का मी ब्रेक टायमावरच दाबला, गाडी थांबलीच नाई. घसरली. त्या वेळी त्याइनं काय केलं? चालवून पाह्यलं, थांबते म्हने, झालं. खोलून पाह्यलं का कोनी? ब्रेकचा सिलिंडर खोलला? वॉल्व्ह खोलला? तो सिलिंडर अजून तोच हाय ना?"

"तोच हाय. बदलला नाई."

"मंग आत कुठंतरी तडा असन. काई ना काई असनच. ते इंजिन कापून टाकलं का मी संपलो. मंग मी मरतपर्यंत श्रावणले मारनारा." त्यानं आता पाणी प्यायलं. "तू फक्त लिवून दे का ब्रेक खोलून पाहाचा बाकी हाय. तुह्या शब्दाले मान हाय तेथं. नोकरी नाई पाह्यजे मले, बावा. कलाबाईनं माह्या रामरामले उत्तर द्यावं, बस एवढंच."

तुलाराम हो म्हणाला. लगेच म्हणाला. एवढ्या लगेच की गोपीचंदच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून तुलारामनं मान वळवली.

---

तुलारामला माहीत होतं की सिलिंडरमध्ये काही नाही.

त्यानं ते तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. झालं होतं ते असं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी झाडीपट्टीत बैलांची खांदशेकणी करतात. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावायची, चोळायची, आणि त्याच्या कानाशी म्हणायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला एवढी एक संध्याकाळ. शेडमधल्या माणसांनी कधीतरी ही रीत तीन नंबरला लावली. कुणी सुरू केली कुणाला आठवत नाही, पण दर वर्षी इंजिनच्या पुढच्या बफरला, वॅगनीला खांदा देणाऱ्या त्या लोखंडी टोकाला, तूप-हळद लागायची, आवतण दिलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं पान यायचं. साहेब लोक हसायचे आणि प्रसाद खायचे.

त्या वर्षी तुलारामनं उन्हाळ्यात बैल विकले होते. ट्रॅक्टरनं नांगरणी होऊ लागली, बैल नुसते उभे राहून खात होते, मुलगा मनिष म्हणाला विका, आणि त्यानं विकले. व्यवहार बरोबर होता. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी गोदावरीबाईनं सवयीनं वाटीभर तूप काढून ठेवलं आणि मग ती वाटी हातात घेऊन रिकाम्या गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. तुलारामनं ती वाटी तिच्या हातून घेतली आणि शेडमध्ये नेली.

बफरला तूप लावून झालं. गोपीचंद, खुशाल, श्रावण, सगळे प्रसाद घेऊन घरी गेले. वाटीत तूप बरंच उरलं होतं. तुलाराम एकटाच राहिला, आणि त्याचे हात थांबेनात. बैलाचे खांदे झाले की माणूस पाठ चोळतो, मग पाय चोळतो. तो वाकला आणि त्यानं तीन नंबरचे पाय चोळले. चारी चाकं. चाकांचा तो चकचकीत काठ, जो रुळावर टेकतो, जिथं ब्रेकचे गुटके येऊन दाबतात, तोही चोळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आपल्या विकलेल्या बैलांची नावं घेत होता. सत्तावीस वर्षं मुरलेला फिटर. शिकाऊ पोराला तेलाचं बोट चाकाला लागलं म्हणून कान पिळणारा. त्या घटकेला तो फिटर नव्हताच, आणि त्याला नंतर हेच कधी कुणाला समजावून सांगता येईल असं वाटलं नाही.

सकाळी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती म्हणून सगळ्यांना घाई. बारीक झिमझिम होती. गोपीचंदनं इंजिन काढलं, जेमतेम साठ पावलं आणलं, ब्रेक दाबला. श्रावण साखळी घेऊन आधीच मध्ये उभा होता. उभं राहायचं नसतं, पण सगळेच राहायचे. चाकं थांबली, इंजिन थांबलं नाही. ते तीन-चार हात घसरत गेलं. तेवढं पुरलं.

तुलाराम धावत आला तेव्हा त्याला जळक्या तुपाचा वास आला. बाकीच्यांनाही आला असेल. पोळ्याच्या दिवशी तुपाचा वास कुणाला नवल वाटणार? श्रावणला नेल्यावर रक्त धुवायचं म्हणून तुलारामनंच रॉकेलची बादली आणली आणि चारी चाकं धुतली. चारी. रक्त दोनच चाकांना लागलं होतं.

नोकरीची भीती होती, नाही कशाला म्हणा. पण नोकरीची भीती वर्षभरात बोथट झाली असती. झालं काय, कलाबाई शेडमध्ये कामाला लागली, आणि पहिल्याच दिवाळीत भाऊबीजेला ताट घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. तिला भाऊ नव्हता. "तुमी होते म्हनून मी उभी राह्यली," ती म्हणाली आणि तिनं त्याला ओवाळलं. त्यानंतर सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? दर वर्षी ती ओवाळायची, दर वर्षी ते थोडं अधिक अवघड व्हायचं.

म्हणून गोपीचंदनं कागद मागितला तेव्हा तुलारामला सुटल्यासारखं वाटलं. कागद लिहायला आपलं काही जात नाही. ब्रेक खोलतील, महिना जाईल, अपील पुढे ढकललं जाईल. गोपीचंदला वाटेल आपण काहीतरी केलं. चांगुलपणा फुकटात मिळत असेल तर कुणाला नको असतो?

---

योगेंद्र साहेब चिडले. नव्वदातले अडुसष्ट दिवस संपले होते. पण तुलारामसारखा माणूस लेखी देतो म्हटल्यावर त्यांना सातवा कागद पुढे नेता येईना. नागपूरहून ब्रेकचे जाणकार दोघे आले. गोपीचंदलाही बोलावलं, नियमच होता तसा. ज्याचा दावा त्याच्या डोळ्यांदेखत तपासणी.

तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. शेडच्या दारात थांबला आणि माठाजवळच्या कलाबाईला म्हणाला, "रामराम, बाई." तिनं माठावरचं झाकण उचललं आणि पुन्हा ठेवलं.

दोघा जाणकारांनी सिलिंडर उतरवला. वॉल्व्ह उतरवला. नळ्या एकेक करून पाहिल्या. पातळ तेल लावून, पुसून, पांढरी भुकटी मारून तडे शोधले. हवा भरून दाब पाहिला. सगळ्याला तीन तास लागले, आणि तीन तास गोपीचंद त्यांच्या खांद्यांवरून पाहत उभा होता. एकदा त्यातल्या मोठ्यानं भिंग धरलं आणि ते एकाच जागी रोखून ठेवलं, तेव्हा गोपीचंदनं तुलारामचा हात धरला. घट्ट धरला. मोठा म्हणाला, "नाही. ओतकामाची रेघ आहे ती," आणि भिंग खिशात ठेवलं.

बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. हात हातात होता. तुलारामनं आजूबाजूला पाहिलं. समोर साहेब, जाणकार, खुशाल; आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणारी कलाबाई.

"सुंदर ठेवलंय," मोठा जाणकार हात पुसत म्हणाला. "एवढ्या जुन्या इंजिनाचा ब्रेक इतका चोख मी पाहिला नाही. कोण बघायचं याचं?"

"हे आमचे तुलारामजी," साहेब म्हणाले.

जाणकारानं मान डोलावली आणि लिहिलं: ब्रेक यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, देखभाल उत्कृष्ट.

गोपीचंदनं त्याचा हात सोडला. मग तो तीन नंबरच्या जवळ गेला, पत्र्यावर पालथी मूठ ठेवून उभा राहिला. बराच वेळ. परत आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता, आणि ती शांतता तुलारामला सगळ्यात वाईट वाटली.

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "तीन वरसं मी मशीनवर आळ घेतला, तुलाराम. अन् मशीनवर घेतला म्हंजे तुह्यावर घेतला. तुह्या कामावर. मले माफ कर गा." आणि चार माणसांत तो खरोखर वाकला. तुलारामनं त्याला मध्येच धरलं.

"आसं नोको करू."

"मले वाटे का मी टायमावर दाबला. मानसाले वाटतेच तसं. बिनकामाचं वाटत राह्यते."

त्या दुपारी तुलारामनं सातव्या कागदावर सही केली.

---

भोकही त्यानंच पाडलं. खुशाल नको म्हणाला, दुसऱ्या कुणाचा हात धजला नसता. लोहचुंबकानं चिकटणारं मोठं ड्रिल ब्लॉकला लावलं, वरून तेल-पाण्याची धार सोडली. लोखंडाच्या कुरळ्या साली निघत राहिल्या. पाऊण तासानं पातं आत गेलं, आणि आतलं काळं तेल भोकातून खाली सांडलं. साहेबांनी नंबरपाटी धरायला लावून फोटो घेतले. तारीख दिसते का, त्यांनी दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी गॅस कटरवाले आले आणि सांगाडा मधोमध कापून गेले.

तुलारामला वाटलं होतं, इंजिन गेलं की डोक्यावरचं ओझं उतरेल. ज्याच्यापाशी पुरावा होता तेच गेलं. पण पुरावा तीन नंबरपाशी कधी नव्हताच. तो तुलारामच्या दोन हातांपाशी होता, आणि ते हात रोज जेवायला बसत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी कलाबाई माठ भरता भरता थांबली.

"गोपीचंद आला होता काल घरी," ती म्हणाली. "बायकोले घेऊन."

तुलाराम पाना पुसत होता. पुसत राहिला.

"माह्या उंबरठ्यावर डोकं ठेवलं त्यानं. म्हने, बाई, मीच मारलं तुह्या नवऱ्याले, आता समजलं मले. याच्या आधी कबूल नाई केलं म्हनून बी माफी मांगतो म्हने." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तीन वरसं मले त्याचा राग होता, भाऊ. काल तो तसा पडून होता अन् राग आलाच नाई. त्याची बायको नुसती रडून राह्यली होती. आता कोनावर राग करू मी, सांगा बरं?"

तुलारामनं सांगितलं नाही. त्यानं पाना खाली ठेवला आणि साहेबांकडून दोन कोरे कागद मागून आणले.

शनिवारी त्यानं कागद लिहिला. नागपूरच्या अपिलाच्या साहेबांना. जे झालं ते सगळं: वाटी, तूप, चाकं, रॉकेल. भाषा अर्जाची झाली, पण गोष्ट पूर्ण लिहिली, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली.

---

रविवारी सकाळी तो सायकलनं करडीला गेला. पोस्टात टाकायच्या आधी गोपीचंदला वाचून दाखवायचा, एवढं त्यानं ठरवलं होतं. लपून चांगलं करायची त्याला आता भीती वाटत होती.

गोपीचंद अंगणात उन्हात बसला होता. त्याच्या बायकोनं, कुंताबाईनं, खाट टाकली, चहा ठेवला. तिचे डोळे अजून सुजलेले होते, पण तिनं पदर सावरून नीट विचारलं, "गोदावरीबाई बऱ्या हायेत ना, भाऊजी?"

तुलारामनं कागद काढला आणि वाचला. वाचताना वर पाहिलं नाही. बैल विकल्याचं आलं तिथं त्याचा आवाज गेला. पाणी न मागता तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला. शेवटपर्यंत वाचला.

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. गोपीचंदनं हात पुढे केला. कागद घेतला, स्वतः एकदा वाचला, ओठ हलवत. आणि हसला. रागानं नाही, लहान भावाकडे पाहून हसावं तसा.

"कायले गा?" तो म्हणाला. "कायले हे?"

"खरं हाय, गोपी."

"तुले रिटायर व्हाले एक वरीस राह्यलं. हे पाठवशीन तं तुले घरी बसवतीन, पोलीस येतीन, काय नाई ते होईन. अन् कोनासाठी? माह्यासाठी? एक कागद लिवून देल्ला तू, त्यातच भरून पावलो मी."

"मी चाकाले तूप लावलं. तुमी गेल्यावर. मी एकटा होतो."

"बफरले लावलं. मी होतो ना तेथं, आवतन मीच देल्लं." गोपीचंदनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चाकाले कोनी तूप लावते का, तुलाराम? तू फिटर हायेस. कालचं पोरगं बी नाई लावनार. नागपूरचा तो साहेब काय म्हने तुह्या ब्रेकले? सुंदर म्हने. तो मानूस चाकाले तूप लावन? कोन मानन हे?"

"मी तुह्या पाया पडतो. खरं हाय."

"मोठ्या मनाचा मानूस हायेस तू," गोपीचंद म्हणाला. "माही चूक हाय ते मी आता मानली. मानली तवा बरं वाटून राह्यलं मले, रात्री झोप येऊन राह्यली. ते नोको मोडू." त्यानं कागदाची घडी केली, घडी फाडली, पुन्हा घडी केली, पुन्हा फाडली. तुकडे सदऱ्याच्या खिशात ठेवले. "घे. चहा घे. थंडा होऊन राह्यला."

तुलारामच्या हातात कप होता. कधी दिला त्याला आठवेना. त्याला एकदम वाटलं की हे असंच होऊ शकतं. त्यानं खरं सांगितलं होतं, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानंच नको म्हटलं होतं. आता हा चहा प्यायचा, सायकलवर बसायचं, आणि आयुष्यभर मोठ्या मनाचा माणूस म्हणून फिरायचं. कुणी दोष देणार नाही. कलाबाई भाऊबीजेला येईल.

त्यानं कप ओठाशी नेला.

तो कप कुंताबाईनं त्याच्या हातातून काढून घेतला. चहा तिच्या बोटांवर सांडला, तिनं पाहिलंही नाही. ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं कप घराच्या पायरीवर ठेवला आणि ती आत गेली.

"कुंता," गोपीचंद म्हणाला. "काय करून राह्यली? पाव्हन्याचा चहा..."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक वही होती आणि पेन होता. वही तिनं तुलारामच्या मांडीवर ठेवली, कोरं पान उघडून.

"त्याइले नाई पटलं," ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली. "त्याइनं कदी तुमचं वाईट चिंतलंच नाई, कसं पटन? मले पटलं. पोळ्याच्या दिसी हे घरी आले तवा याइच्या चपलेले तुपाचा वास येऊन राह्यला होता. मी धुतली ती चप्पल. मले वाटे, परसादाचं असन."

गोपीचंद तिच्याकडे पाहू लागला. मग तुलारामकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू अजून होतं, पण आता त्याला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

"लिवा, भाऊजी," कुंताबाई म्हणाली. "पह्यलेपासून. माह्यासमोर. अन् झालं का मी येते तुमच्या संग आंधळगावले. कलाबाईच्या उंबरठ्यावर बसून बी वाचाचं हाय हे तुमाले."

तुलारामनं पेन उचललं. वर तारीख घातली.